काळीवरचं घर

जालना जिल्ह्यात मे महिन्यात रानातून चालायचं तर खाली बघून चालावं लागतं. काळी जमीन अशी उललेली असते की भेगेत चार बोटं सहज जातात आणि काठी खुपसली तर हातभर आत जाऊनही बुडाला टेकत नाही. शेतकऱ्याला त्याची चिंता नसते. उललेल्या रानात पहिला पाऊस थेट खोल मुरतो, वरची माती भेगांत पडते आणि जमीन आपोआप खालीवर होते. पण हीच भेग घराच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढताना दिसली की गवंड्याला बोलावणं जातं. गवंडी म्हणतो माल हलका पडला. भेग बुजते, वर रंग लागतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच जागी पुन्हा उमटते.

बहुतेकदा दोष मालाचा नसतो, सळईचाही नसतो. जालन्याच्या रोलिंग मिलमधली सळई राज्यभर जाते, त्यामुळे इथं घर बांधणाऱ्याचा सळईवर फार भरवसा. शंका आली की दोन सळया वाढवायच्या, हा इथला रामबाण उपाय. पायाखालच्या मातीवर मात्र चार पैसे खर्च करायचं कुणाच्या मनात येत नाही. बापजाद्यांपासून ज्या मातीत राबलो तिची परीक्षा कसली घ्यायची?

मराठवाड्यातली जुनी गावं या मातीवर सहसा वसलेली नव्हती, ही गोष्ट आपण विसरलो आहोत. शेती काळीत आणि घरं पांढरीत, अशी सरळ वाटणी होती. पांढरी म्हणजे गावठाणाची जरा उंचावरची जागा. पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीतली राख, चुनखडी, खापरं असं शतकानुशतकांचं साचत साचत तिचं टेकाड होतं. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या जुन्या वस्तीच्या जागेचं १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केलं. अशा जागी खाली-खाली जावं तशी जुनी वस्ती सापडत जाते, कारण लोक त्याच जागेवर पुन्हा पुन्हा घर बांधत राहिले. पांढरीची माती पावसात काळीसारखी फुगत नाही आणि उन्हात तशी उलतही नाही. म्हणून तर तीच माती धाब्यावरही पसरत.

यावरून जुन्या लोकांना सगळं शास्त्र येत होतं, असं म्हणायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. काळी वाचवायची ती पेरण्यासाठी, आणि उंचावर राहायचं ते पुराच्या भयानं, ही कारणंही तितकीच खरी असावीत. शिवाय याच परंपरेनं चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर मातीचं जड माळवदही दिलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात त्याच भिंती आणि तीच माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. एक गोष्ट मात्र नक्की: पायाची जागा निवडण्यात जुनं गाव चुकलेलं नव्हतं. चूक नंतरची आहे. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, शहर वाढलं, तालुक्याची गावं वाढली, आणि वस्ती पांढरीवरून उतरून काळीत आली. कालपर्यंत जिथं कापूस होता तिथं एनए प्लॉट पडले.

या काळीत असं काय आहे? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि थिजून काळा कातळ झाला. तो कातळ ऊन-पावसानं झिजत गेला. विहीर खोदणाऱ्याला हा क्रम तोंडपाठ असतो: वर काळी, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग कातळ. मुरूम म्हणजे अर्धवट झिजलेला दगड. काळी म्हणजे झिजेची शेवटची पायरी, आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याचा कण साध्या डोळ्यांना दिसत नाही. तो अतिशय पातळ पापुद्र्यांचा बनलेला असतो आणि पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरतं. शुद्ध माँटमोरिलोनाइट एक ग्रॅम घेतलं तर त्यातल्या सगळ्या पापुद्र्यांचं मिळून क्षेत्रफळ सातशे-आठशे चौरस मीटर भरतं. एवढ्या पृष्ठभागाला पाणी धरून ठेवायचं असलं की माती फुगणारच, आणि ते पाणी उन्हानं ओढून घेतलं की आक्रसणारच. जालन्यात वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. फुगण्या-आक्रसण्याला याहून सोयीचं हवामान सांगून मिळणार नाही.

किती फुगते ते मोजायची एक अगदी साधी चाचणी आहे. माती वाळवायची, बारीक चाळणीतून चाळायची आणि दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करायचे. काचेची शंभर मिलिलिटरची दोन मोजपात्रं घ्यायची. एकात पाणी भरायचं, दुसऱ्यात रॉकेल, आणि दोन्हींत माती सोडायची. काडीनं हलवून आतली हवा काढून टाकायची आणि चोवीस तास हात लावायचा नाही. रॉकेलला त्या पापुद्र्यांत शिरकाव नसतो, त्यामुळे तिथली माती आहे तेवढीच राहते, समजा दहाच्या रेघेवर. पाण्यातली माती मात्र वर चढत जाते. पंधराच्या रेघेवर थांबली तर फुगवटा पन्नास टक्के, विसावर गेली तर शंभर. पन्नासच्या पुढं गेलेल्या मातीवर घर बांधताना अभियंता सावध होतो, आणि चांगल्या काळ्या मातीला पन्नासचा आकडा ओलांडायला काहीच लागत नाही.

इथं सर्वसाधारण समजाच्या उलट एक गोष्ट घडते. जड इमारतीपेक्षा हलकं घर या मातीत जास्त त्रास देतं. फुगणारी माती वर ढकलते, आणि तिचा जोर मातीनुसार चौरस मीटरला पाच टनांपासून तीस-चाळीस टनांपर्यंत असू शकतो. एकमजली घराचा पायावरचा भार साधारण पाच-सात टन. म्हणजे माती त्याला उचलू शकते, आणि उचलतेच. तीही सगळीकडे सारखी उचलत नाही. घराच्या मधोमध फरशीखालची ओल उडून जात नाही, तिथली माती वर्षभर फुगलेली राहते. कडेची माती उन्हाळ्यात वाळते, बसते आणि पावसात परत वर येते. कोपरे खाली जातात, मध्य वर राहतो, आणि भिंत जिथं सगळ्यात कमजोर तिथं, म्हणजे खिडकी-दाराच्या कोपऱ्यावर, तिरकी फाटते. एका कोपऱ्याला मोरीचं पाणी मुरत असेल तर तेवढाच कोपरा वर येतो. भिंतीला लागून मोठं झाड असेल तर त्याची मुळं ओल शोषतात आणि तो कोपरा खचतो. भेगेची दिशा बघून पाणी कुठून येतंय किंवा कुठं जातंय, हे जाणकार माणूस बराचसा अंदाजानं सांगू शकतो.

मातीचं शास्त्र इथवर यायला जगाला दोनेकशे वर्षं लागली, आणि त्यातला बराच काळ लोक पाण्याकडे दुर्लक्ष करून फक्त मातीकडे बघत होते. शार्ल कूलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्यानं मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात वर्षं घालवली होती. भिंतीमागं भरलेली माती भिंतीला किती जोरानं ढकलते, हा त्याचा रोजचा प्रश्न. १७७३ साली त्यानं पॅरिसमध्ये निबंध वाचला: मातीची ताकद दोन गोष्टींतून येते, कणांच्या घर्षणातून आणि त्यांच्या चिकटण्यातून. विजेच्या नियमामुळे शाळेत भेटणारा कूलोम तो हाच. १८५७ मध्ये स्कॉटलंडच्या रँकिननं हे गणित आणखी सुटसुटीत केलं. कोरड्या वाळूला ते छान लागू पडे. ओल्या चिकणमातीसमोर मात्र ते अपुरं पडे. फ्रान्समध्येच अलेक्सांद्र कोलँ हा अभियंता कालव्यांच्या घसरलेल्या काठांची मोजमापं घेत होता. चिकणमातीचा उतार सरळ रेषेत नाही, वक्र पृष्ठभागावरून घसरतो, हे त्यानं १८४६ मध्येच छापलं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

लक्ष गेलं ते स्वीडनमध्ये, रेल्वेखालची जमीन सरकू लागली तेव्हा. तिथल्या सरकारी रेल्वेनं १९१३ मध्ये एक आयोग नेमला. 'जिओटेक्निकल' हा शब्द त्याच्या नावातच होता, आणि १९२२ साली त्याचा अहवाल आला. त्याच देशात आल्बर्ट आटरबर्ग नावाचा रसायनतज्ज्ञ शेतजमिनीचा अभ्यास करत होता. माती किती ओली झाली की वाहू लागते आणि किती कोरडी झाली की वळली जाईनाशी होते, या दोन मर्यादा त्यानं १९११ मध्ये ठरवल्या. ओली माती काचेवर तळहातानं लाटत तीन मिलिमीटर जाडीची वळी करायची. ती तुटायला लागली की तिथलं पाण्याचं प्रमाण मोजायचं. आज जालन्यातल्या एखाद्या पुलाचा माती-अहवाल उघडला तरी पहिल्या पानावर आटरबर्गच्या मर्यादा असतात. शेतीसाठी शोधलेलं मोजमाप बांधकामाच्या कामी आलं, हे शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात सांगायला बरं वाटतं.

खरी कलाटणी दिली कार्ल तेर्झागीनं. जन्म १८८३, प्राग. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो इस्तंबूलला शिकवायला गेला आणि तिथल्या रॉबर्ट कॉलेजमध्ये टाकाऊ वस्तूंपासून उपकरणं बनवून त्यानं मातीवर प्रयोग केले. १९२५ मध्ये व्हिएन्नात त्याचं मृदा यांत्रिकीवरचं जर्मन पुस्तक निघालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. ओल्या मातीत कणांच्या मधल्या पोकळ्यांत पाणी असतं. वर भार टाकला की त्यातला काही भाग कण एकमेकांवर रेलून पेलतात, काही पाणी पेलतं. पण पाण्याला घर्षण नसतं, त्यामुळे मातीची ताकद फक्त कणांनी पेललेल्या भारावर ठरते. एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करा. उरतो तो खरा दाब. चिकणमातीतून पाणी फार सावकाश पिळलं जातं, म्हणून तिच्यावरची इमारत वर्षानुवर्षं बसत राहते. आणि आतल्या पाण्याचा दाब वाढला तर काल भक्कम असलेला उतार आज घसरतो. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव डोंगराच्या मातीखाली गेलं ते मुसळधार पावसानंतरच.

तेर्झागीचं वजाबाकीचं सूत्र एका ओळीत मावतं. मातीविषयीचे निम्मे प्रश्न खरं तर पाण्याविषयीचे आहेत, हे त्यामुळे पहिल्यांदा गणितात मांडता आलं. १९३६ मध्ये या विषयाची पहिली जागतिक परिषद हार्वर्डला तेर्झागीच्याच अध्यक्षतेखाली भरली. भारतात मृदा यांत्रिकीवाल्यांची संस्था १९४८ ला उभी राहिली. नवा देश धरणं बांधायला निघाला होता, आणि त्यातली कितीतरी मातीची होती.

महाराष्ट्राला या विषयाचा धडा १२ जुलै १९६१ ला मिळाला. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण पुरतं बांधून व्हायच्या आत त्यात पावसाळ्याचं पाणी साठवलं गेलं. पाणी सोडण्याच्या विमोचकाचं काम अपुरं होतं. त्याच्यावरचा भराव खचू लागला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी सकाळी धरण फुटलं. खालचं खडकवासल्याचं जुनं धरणही गेलं आणि पुण्यात हाहाकार उडाला. मातीच्या धरणात माती आणि काँक्रीट जिथं भेटतात तो सांधा सगळ्यात नाजूक. तिथून पाण्यानं वाट काढली की ते कण वाहून नेतं, पोकळी वाढते, आणि पुढचं फार झपाट्यानं होतं.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९६५ ला, पैठणला जायकवाडीच्या पायाचा दगड लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसला. मूळची जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची. धरण वर पैठणला सरकलं, नाव मात्र तेच राहिलं. सुमारे दहा किलोमीटर लांबीचं हे धरण मुख्यतः मातीचं आहे. आपल्याकडच्या मातीच्या धरणांची ठरलेली रचना अशी असते: मधला गाभा काळ्या, चिकण मातीचा, बाहेरचं कवच मुरमाचं. काळीतून पाणी पाझरत नाही म्हणून ती आत. मुरूम फुगत नाही आणि पाणी सोडतो म्हणून तो बाहेर. मधे वाळूच्या गाळणीचा थर. पाझरलेलं पाणी त्यातून निघून जावं, पण मातीचा कण जाऊ नये, इतक्याच आकाराची वाळू. घराच्या पायाखाली नको असलेली माती नेमक्या त्याच गुणामुळे धरणाच्या पोटात हवी असते. ओल योग्य हवी, एवढीच अट. फार कोरडी माती दबत नाही, फार ओली रोलरखाली लिबलिबते. मधलं नेमकं प्रमाण कसं काढायचं ते अमेरिकेतल्या प्रॉक्टरनं १९३३ मध्ये दाखवलं, आणि आजही भरावाच्या प्रत्येक थराचा नमुना त्याच्याच कसोटीवर तपासतात.

जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघून अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांतून परभणीकडे जातो, म्हणजे गोदावरीच्या काठच्या सगळ्यात खोल काळीतून. अशा जमिनीतल्या कालव्याला काँक्रीटचं अस्तर केलं तर ते फार दिवस टिकत नाही. थोडं पाणी झिरपतं, मागची माती फुगते, अस्तराचे तुकडे उचलले जातात, मग आणखी पाणी झिरपतं. यावर उत्तर शोधलं ते मुंबईच्या आयआयटीतल्या प्रा. आर. के. कट्टी यांनी. त्यांना प्रयोगांत असं आढळलं की काळी माती वरच्या मीटरभरातच जोरात फुगते. त्याखालची माती पाणी पिऊनही फारशी हलत नाही, कारण ओल्या कणांमधलं चिकटणंच तिला धरून ठेवतं. मग वरचा मीटरभर काढून तिथं चिकटणारी पण न फुगणारी माती दाबून भरली तर? तशी माती म्हणजे थोडी चिकणमाती असलेला मुरूम. कर्नाटकातल्या मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांवर ही युक्ती वापरली गेली. पुढं काळ्या जमिनीतल्या कालव्यांच्या अस्तरासाठी भारतीय मानकच निघालं, क्रमांक ९४५१. फुगणाऱ्या मातीवरचा उपाय तिच्याच खालच्या थरात निघावा, ही मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात समाधानाची गोष्ट वाटते.

रस्त्यांचंही तेच. काळीतल्या डांबरी रस्त्याला उन्हाळ्यात कडेनं लांबच लांब भेग पडते, कारण साइडपट्टी वाळते आणि मधला भाग डांबराखाली ओला राहतो. घराच्या कोपऱ्याचं आणि रस्त्याच्या कडेचं दुखणं एकच आहे. समृद्धी महामार्ग बदनापूर आणि जालना तालुक्यांतून जातो. असा रस्ता काळीवर बांधताना वरची काळी काढणं, मुरमाचा भराव थराथरानं दाबणं आणि बाजूचं पाणी लांब नेणं ही कामं करावीच लागतात. मुरूम लांबून आणावा लागला तर काळीतच चुना मिसळतात. चुन्यातलं कॅल्शियम पापुद्र्यांना जखडतं आणि फुगवटा उतरतो.

आता परत घराकडे. भोकरदन, जाफराबादकडे, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, बऱ्याच ठिकाणी दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो. तिथं 'मुरूम लागेपर्यंत खोद' हा गवंड्याचा सल्ला पुरतो, फक्त खोदल्यावर खड्ड्यात पुन्हा तीच काळी ढकलायची नाही. अडचण गोदाकाठाला. तिथं पुरुषभर खोदलं तरी काळीच. अशा जागेसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं खास पाइल काढला. जमिनीत साडेतीन-चार मीटर भोक पाडायचं, तळाशी ते गोल रुंद करायचं आणि काँक्रीटनं भरायचं. वरची माती कितीही हलली तरी खालची फुगीर गाठ घराला तिथंच धरून ठेवते. वरची बीम मात्र जमिनीला टेकवायची नाही. खाली मोकळी फट ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी बीमला धक्का लागत नाही. या फटीला 'उगाच पोकळ राहिलं' समजून पोरगेल्या कामगारानं मातीनं बुजवलं, की सगळ्या पाइलचा खर्च वाया.

ज्यांचं घर आधीच उभं आहे त्यांना पाया बदलता येत नाही, पण पाणी बदलता येतं. घराभोवती तीन-चार फुटांची फरशी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करायची, म्हणजे कडेची माती मधल्या मातीइतकीच ओली राहील. छताचं पाणी पाइपनं लांब सोडायचं. भिंतीला खेटून लावलेली बाग काढायची. न्हाणीघराच्या सांडपाण्याचा पाइप भिंतीबाहेर जिथं जमिनीत शिरतो, तिथला सांधा बुजवण्याआधी एक दिवस पाणी सोडून बघायचा, कारण गळायला लागतो तो बहुधा तिथंच.